पोलादी पुरुष आणि क्रूस

लोकरंजनातून धर्मबोध करावा, ही कल्पना जुनी आहे आणि ती निंद्यही नाही. मात्र रंजनाचा व्यापार करणाऱ्यानेच धर्मोपदेशकाच्या हाती प्रवचनाची तयार टिपणे ठेवावीत, हा प्रकार आम्हांस अनुचित वाटतो. धर्म कोणाचाही असो, या गोष्टीचा निषेध झालाच पाहिजे.

२०१३ साली अमेरिकेत ‘मॅन ऑफ स्टील’ हा सुपरमॅनचा चित्रपट आला. त्या वेळी वॉर्नर ब्रदर्स कंपनीने ख्रिस्ती धर्मोपदेशकांसाठी खास खेळ ठेवले आणि प्रवचनाची टिपणेही पुरविली. येशू हाच आद्य महानायक, हे त्यांचे सूत्र. चित्रपटातही खुणांची रेलचेल आहे. नायकाचे वय ३३ वर्षे; पित्याने दूरच्या लोकातून पृथ्वीवर धाडलेला तो पुत्र; चर्चमध्ये तो पाद्रींचा सल्ला घेतो, तेव्हा त्याच्यामागे गेथशेमने बागेत प्रार्थना करणाऱ्या येशूचे काचचित्र. येथे बोध शोधावा लागत नाही. तो आधीच पेरून ठेवलेला आहे.

पण या कथेचा शेवट काय? नायक आणि झॉड यांच्या झुंजीत शहराचा मोठा भाग जमीनदोस्त होतो आणि अखेर नायक शत्रूची मान मोडतो. शुभवर्तमानातला प्रसंग याच्या अगदी उलट आहे. शिष्याने तलवार उपसली असता येशूने ती म्यान करावयास सांगितले आणि स्वतःला शत्रूच्या स्वाधीन केले. आम्ही त्या धर्माचे अनुयायी नसलो तरी एवढे आम्हांस कळते की, सामर्थ्य असूनही ते न वापरणे हे क्रूसाचे मर्म आहे. वरच्या दंडाशिवाय तरणोपाय नाही, हे महानायकाचे मर्म. बाह्य खुणा जुळल्या म्हणून ही दोन मर्मे एक कशी होतील?

शिवाय सुपरमॅन १९३८ साली जन्मास घातला तो जेरी सीगल आणि जो शूस्टर या दोन ज्यू तरुणांनी. विनाशातून वाचविण्यासाठी मायबापांनी दूर सोडलेले अर्भक, ही कथा पुष्कळांना नदीत सोडलेल्या मोशेची आठवण करून देते. एकाच पात्रात ज्याला मोशे हवा त्याला मोशे सापडतो, ज्याला ख्रिस्त हवा त्याला ख्रिस्त. जे पात्र प्रत्येकाला हवे ते देते, ते कोणालाच काही शिकवीत नाही.

यावर कोणी म्हणेल, गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स यांनी तरी दुसरे काय केले? आक्षेप विचारार्ह आहे. १६१६ साली राशोल येथे छापलेल्या ‘क्रिस्तपुराणा’त त्यांनी आपल्या पुराणांचा घाट आणि आपली ओवी घेतली, सुमारे अकरा हजार ओव्या रचल्या. परंतु त्यांनी भांडे आपले घेतले, आत अन्न स्वतःचे वाढले. त्या ओव्यांतला येशू क्रूसावरच जातो. श्रोत्यांना रुचावे म्हणून त्याच्या हाती गदा दिलेली नाही. चित्रपटातून प्रवचन काढणारे याच्या उलट करतात. भांडे चर्चचे आणि अन्न बाजारातले.

इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे येथील जुन्या घरांतून नारदीय कीर्तन ऐकलेल्या वाचकांस हा भेद वेगळा सांगावयास नको. कीर्तनकार पूर्वरंगात सिद्धांत मांडतो आणि उत्तररंगात त्याला आख्यानाची जोड देतो. आख्यानात विनोद येतो, चालू काळाच्या गोष्टी येतात, क्वचित नाटक-सिनेमाही येतो. पण आख्यान सिद्धांताचे चाकर असते. आधी गर्दी खेचणारे आख्यान निवडून मग त्याला शोभेल असा सिद्धांत शोधणाऱ्यास आपल्या वडीलधाऱ्यांनी बुवा म्हटले नसते.

तरुणांना चित्रपट दाखवू नयेत, असे आमचे म्हणणे नाही. दाखवावेत, पण प्रामाणिक उपदेशकाने झॉडची मान मोडते तेथेच पडदा थांबवावा आणि विचारावे, ‘या जागी ख्रिस्ताने काय केले असते?’ खरे प्रवचन त्या प्रश्नापासून सुरू होते. तो प्रश्न कंपनीच्या टिपणांतून मिळण्याची आशा व्यर्थ आहे, कारण त्याचे उत्तर तिकीटबारीच्या हिताचे नाही.