‘आय७’ आहे, पण कितव्या पिढीचा?

परवा शेजारचे भाऊ खूश होऊन घरी आले. ऑटो चालवतात. पोरगा डिप्लोमाला लागला, त्याच्यासाठी बर्डीहून कॉम्प्युटर आणला. “आय७ आहे भाऊ, पंधरा हजारात!”

मी सुरू करून पाहिला. निघाला आय७-३७७०, म्हणजे २०१२ चा प्रोसेसर. मदरबोर्ड नवीन डब्यातला होता खरा, पण एच६१ चिपसेटचा, एलजीए ११५५ सॉकेटवाला. बिलावर फक्त ‘आय७ कॉम्प्युटर’.

भाऊ दुकानात विचारायला गेले तर उत्तर मिळालं, “आय७ च तर दिला ना!” खोटं काहीच नाही, आणि खरंही सांगितलं नाही.

मंडळी, सॉकेट म्हणजे प्रोसेसर बसायची जागा. उद्या त्यात काय बसेल ते त्यावरून ठरतं. ११५५ वर इंटेलच्या तिसऱ्या पिढीच्या पुढचं काहीच बसत नाही. विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ ला साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. या मशीनवर ते जुगाड करून टाकलेलं होतं. पोराला तीन वर्षं काढायची आहेत!

जुनं घेऊच नका असं मी म्हणत नाही. एएमडीचा नवा एएम५ सॉकेट २०२२ मध्ये आला. त्यावर पुढेही प्रोसेसर बदलता येतील, पण त्याला डीडीआर५ रॅमच लागते आणि तिचे भाव सध्या डोक्यावर गेलेत. खिसा लहान असेल तर एएम४ घ्या. रायझन सुरू झाले २०१७ ला, आणि २०२२ चा रायझन ५ ५६०० ही त्याच सॉकेटवर बसतो. किंवा एलजीए १७०० वर डीडीआर४ चा बोर्ड आणि आय३-१२१०० घ्या. नाव आय३, पण त्या जुन्या आय७ ला सहज मागे टाकतो, तेही कमी विजेत. मोठा आकडा म्हणजे मोठा वेग, हा समज आधी सोडा.

जुना माल विकणं गुन्हा नाही. पण जुना आहे हे सांगून विका ना! ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार मालाचा दर्जा काय, हे जाणून घेण्याचा हक्क आपल्याला आहे. म्हणून पैसे देण्याआधी बिलावर तीन गोष्टी लिहून मागा: प्रोसेसरचा पूर्ण नंबर, मदरबोर्डचं मॉडेल, आणि माल नवीन की वापरलेला. दुकानातच मशीन सुरू करून टास्क मॅनेजरमध्ये नंबर जुळवा. लिहून द्यायला जो नाही म्हणेल, त्याच्या दुकानातून सरळ बाहेर पडा.

नागपुरात प्रामाणिक दुकानदारही भरपूर आहेत. असं बिल मागितल्याने त्यांचं काही बिघडणार नाही, उलट त्यांचाच धंदा वाढेल.

तुमच्या बिलावर काय लिहिलंय? आज काढून बघा, आणि कमेंटमध्ये सांगा. दुकानाचं नाव नको, फक्त प्रोसेसरचा नंबर.