विमान सामाईक, हिशेबही सामाईक

मुंबईत १९२८ मध्ये बॉम्बे फ्लाइंग क्लब सुरू झाला. तिथे उड्डाण शिकलेल्या जे. आर. डी. टाटांना १० फेब्रुवारी १९२९ रोजी भारतात दिला गेलेला पहिला वैमानिक परवाना मिळाला. आज मात्र फ्लाइंग क्लब म्हटले की आपल्यापुढे येते ती प्रशिक्षण संस्था. विमान संस्थेचे, विद्यार्थी तासांचे पैसे भरतो, परवाना घेतो आणि बाहेर पडतो.

अमेरिकेतल्या अनेक क्लबांत मात्र सभासदच विमानाचे सहमालक असतात. येताना हिस्सा विकत घ्यायचा, जाताना तो विकायचा. दुसऱ्या प्रकारच्या क्लबात सभासदाचा मालकीहक्क नसतो. प्रवेशशुल्क कमी, पण सोडताना हाती काही येत नाही.

खरी मेख हिशेबात आहे. हँगरचे भाडे, विमा आणि वार्षिक तपासणी हे खर्च विमान उभे असले तरी चुकत नाहीत. ते मासिक वर्गणीतून भागवावे लागतात. इंधन आणि तेल ताशी दरातून. सेसना १७२ या छोट्या विमानाच्या लायकमिंग इंजिनाची संपूर्ण दुरुस्ती साधारण २००० तासांनी येते, म्हणून प्रत्येक तासामागे काही रक्कम बाजूला काढावी लागते. दर स्वस्त दिसावा म्हणून ती वगळणारा क्लब आजच्या उड्डाणाचा भार उद्याच्या सभासदावर टाकतो.

महाराष्ट्रातल्या क्लबांनी हौशी वैमानिकांसाठी सहमालकीची योजना जरूर आखावी. मात्र पहिला हिस्सा विकण्याआधी राखीव निधीचा नियम लेखी करावा आणि दरवर्षी हिशेब सभासदांपुढे ठेवावा.