संत्र्याची साल आणि साडेबारा टक्के

व्यवस्थापनाच्या वर्गात वाटाघाटी शिकवायला संत्र्याचा खेळ लावतात. दोघांनाही तीच संत्री हवी असतात. एकाच्या चिठ्ठीत लिहिलेलं असतं की त्याला साल हवी, दुसऱ्याच्या चिठ्ठीत रस. 'तुला कशाला हवीत?' एवढं विचारलं की दोघांचंही भागतं. न विचारता भांडत बसणारेच फार, म्हणून खेळ चांगला. पण न्हावा शेवा बंदराच्या आसपासच्या कॉलेजात तो लावायचा तर चिठ्ठ्या बदलाव्या लागतील.

याच भागात नवी मुंबईसाठी 95 गावांच्या जमिनी घ्यायला 1970 पासून सुरुवात झाली, तेव्हा 1894 चा भूसंपादन कायदा होता. शेतकऱ्याला हरकत नोंदवता येई, दरासाठी कोर्टात जाता येई. 'देत नाही' म्हणून उठता येत नसे. जानेवारी 1984 मध्ये उरण-जासई भागात शेतकरी रस्त्यावर उतरले आणि पोलिसांच्या गोळीबारात पाच जण गेले. शेतकरी नेते दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या या लढ्यातूनच पुढे घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचं सूत्र आलं. खेळाच्या हिशेबाने त्याला पैकीच्या पैकी गुण द्यावेत: सरकारला जमीन हवी होती, शेतकऱ्याला तिच्या उद्याच्या किमतीत वाटा. मग हे आधी का सुचलं नाही? सुचायची गरज नव्हती. समोरचा उठून जाऊच शकत नसेल, तर त्याला काय हवंय ते कोण विचारतो?

म्हणून पहिल्या फेरीत शेतकऱ्याच्या चिठ्ठीत लिहावं, 'तुला नाही म्हणता येणार नाही.' दुसरीत 2013 चा कायदा आणावा, ज्यात खासगी प्रकल्पाला 80 टक्के जमीनधारकांची संमती लागते. तीच मुलं, तीच जमीन; दर कुठून कुठे जातो ते फळ्यावर मांडावं.

तिसरी फेरी खास इथली. बंदर सुरू झालं 26 मे 1989 ला. बंदरासाठी जमिनी गेलेल्यांना साडेबारा टक्क्यांचे कागद पंतप्रधानांच्या हस्ते मिळाले ते ऑगस्ट 2014 मध्ये. तेव्हा या फेरीत करार झाल्यावर घंटा वाजवू नये. शेतकरी झालेल्या मुलाने वर्षभर दर तासाला येऊन आपला वाटा मागावा, सरकार झालेल्याने दर वेळी एक नवा दाखला मागावा. गुण त्यानंतर द्यावेत.