नीट वाचा!

दिवाळीच्या अंकात परीक्षेचे रडगाणे कशाला, असे तुम्ही म्हणाल. फराळाचे ताट पुढ्यात घेऊन बसलेल्या माणसाला गुणपत्रिका दाखवू नये, एवढे मलाही कळते. पण ज्या घरात बारावीचे मूल असते, त्या घरी चकलीसुद्धा "हळू बोला, अभ्यास चालू आहे" असे म्हणत तळली जाते. यंदाचे हे सदर अशा घरांसाठी. बाकीच्यांनी करंजी संपवून मग वाचले तरी चालेल.

आमची नात 2025 साली वैद्यकीय प्रवेशाच्या परीक्षेला बसली. परीक्षेचे नाव नीट. इंग्रजी आद्याक्षरे जुळवून केलेले हे नाव मराठीत आल्यावर इतका शहाणा सल्ला देईल, याची कल्पना नाव ठेवणाऱ्यांना नसावी. 180 प्रश्न, 180 मिनिटे, 720 गुण. जीवशास्त्राचे 90 प्रश्न, पदार्थविज्ञान व रसायन यांचे प्रत्येकी 45. बरोबर उत्तराला चार गुण. चुकले तर मिळालेल्यातून एक जातो. आणि उत्तराचे वर्तुळ एकदा काळ्या शाईने भरले की भरले. खोडायची सोय नाही.

मार्चच्या मध्यावर तिच्या क्लासने सराव परीक्षा घेतली. गुण आले 468. पोरीने कागद पलंगावर भिरकावला आणि भिंतीकडे तोंड करून बसली. चिरंजीवांनी ताबडतोब आणखी एका क्लासची चौकशी सुरू केली. आमच्या पिढीत मुलाला कमी गुण पडले की बाप छडी शोधी. आता फोन शोधतो.

"आबा, मला येत होतं हो हे सगळं!" नात म्हणाली.

मी 34 वर्षे शाळेत भाषा शिकवली. "येत होतं" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकले आहे की, त्यावर विश्वास ठेवायचे केव्हाच सोडून दिले. पण त्या दिवशी काय वाटले कोण जाणे, म्हटले, "बरं बेटा, मग चुकलेला एकेक प्रश्न मला मोठ्याने वाचून दाखव. उत्तर सांगू नको. नुसता प्रश्न वाच."

विज्ञानाशी माझा संबंध ताप आल्यावर डॉक्टरकडे जाण्यापुरता. त्यामुळे मी नुसता ऐकत बसलो. चुकलेले प्रश्न एकूण 36. तिसऱ्याच प्रश्नाला ती वाचता वाचता थांबली. 'खालीलपैकी कोणते विधान चूक आहे?' असे विचारले होते, आणि तिने पहिले बरोबर विधान दिसताच वर्तुळ भरून टाकले होते. पुढे एके ठिकाणी 'सोडून' हा शब्द सुटला होता, एके ठिकाणी 'अनुक्रमे', एके ठिकाणी 'कमीत कमी'. ध चा मा करायला आनंदीबाईच लागते असे नाही. भिंतीवरचे घड्याळही पुरते.

संध्याकाळपर्यंत आम्ही तीन ढीग केले. मुळातच न आलेले 15, आकडेमोडीत घसरलेले 7, आणि प्रश्न न वाचल्यामुळे गेलेले 14. आता हिशेब पाहा. येत असलेला प्रश्न चुकला की, चार मिळायचे राहतात आणि पदरचा एक जातो. म्हणजे पाचाचा फटका. 14 प्रश्नांचे 70 गुण! या परीक्षेत एकेका गुणाला मुलांची रांग उभी असते. 70 गुण म्हणजे डॉक्टर होणे आणि न होणे यांमधले अंतर असू शकते. चिरंजीवांनी फोन खाली ठेवला.

गंमत अशी की, क्लासने तिला "वेगाने वाचा" असे शिकवले होते. कसे वाचायचे, ते मात्र कोणी शिकवले नव्हते. दोष तरी कोणाला द्यावा? दहावीपर्यंत पोर मराठी शाळेत होती. अकरावीत एकदम इंग्रजी. इंग्रजी वाक्य डोळ्यांपुढे आले की तिचे मन ओळखीचा शब्द हेरी आणि तिथेच उडी मारी. 'एक्सेप्ट' आणि 'अनलेस' हे दोन शब्द तिने आमच्या बोळात दिसणाऱ्या अनोळखी माणसांसारखे धरले होते: आहेत, पण आपल्याला काय त्यांचे! मी म्हटले, मग मराठीतून का दिली नाहीस? प्रश्नपत्रिका 13 भाषांत निघते, त्यांत मराठीही आहे. तर भाषा अर्ज भरतानाच सांगावी लागते. शिवाय अनुवादात शंका निघाली तर इंग्रजी मजकूरच प्रमाण. तेव्हा भाषेचा वाद मी आवरता घेतला. घर पेटल्यावर विहिरीची जागा बदलायची नसते.

माझा एक जुना विद्यार्थी अमेरिकेत आहे. त्याच्या लेकीने तिकडची वैद्यकीय प्रवेशपरीक्षा दिली. तिला म्हणतात एमकॅट. त्याने सांगितले ते ऐकून मी थक्क झालो. 2015 पासून त्या परीक्षेत नुसत्या वाचनाचा एक स्वतंत्र भाग आहे: 90 मिनिटे, 9 उतारे, 53 प्रश्न. आणि उतारे वैद्यकाचे नव्हेत. तत्त्वज्ञान, इतिहास, कला, समाज असल्या विषयांचे. बाहेरचे ज्ञान लागत नाही, समोर आहे ते समजले की झाले. उद्या रोगी सांगेल ते याला समजेल का, हे पाहण्याची ही युक्ती असावी असे मला आपले वाटते.

पण तिकडचे कौतुक किती करावे? आमच्या वर्ध्यापासून सेवाग्राम हाकेवर. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, 1969 साली, डॉ. सुशीला नायर यांनी तिथे महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था उभी केली. पुष्कळ वर्षे या कॉलेजची प्रवेशपरीक्षा स्वतंत्र होती, आणि तीत गांधीविचारांवर एक निराळी प्रश्नपत्रिका असे. डॉक्टर होऊ पाहणारी मुले रसायनाच्या जाडजूड पुस्तकाशेजारी 'सत्याचे प्रयोग' ठेवून वाचीत. त्या वेळी मी हसलो होतो. बेडकाची चिरफाड करणाऱ्याला चरख्याचे काय काम, असे मी शिक्षकांच्या खोलीत म्हटल्याचे आठवते. आता वाटते, निदान एक सलग पुस्तक शांतपणे वाचण्याची सक्ती तरी होती. देशभर एकच नीट आली आणि ती परीक्षा गेली.

परीक्षेला सात आठवडे उरले होते. एवढ्या दिवसांत वाचनाची गोडी वगैरे लागत नाही; ती लहानपणची गोष्ट. पण सवय थोडी वळवता येते. आम्ही एवढेच केले: रोज पहाटे जीवशास्त्राच्या पाठ्यपुस्तकाचे एकच पान. एकदा मनात वाचायचे, पुस्तक मिटायचे, आणि स्वयंपाकघरात जाऊन ते आजीला मराठीत सांगायचे.

आमच्या घरातून सातवी शिकलेल्या. पण पीठ मळता मळता त्यांनी जे प्रश्न विचारले, ते क्लासमध्ये कोणी विचारले नसतील. एकदा पोर सांगत होती की, माणसाच्या पक्व तांबड्या रक्तपेशीत केंद्रक नसते आणि ती सुमारे 120 दिवस जगते.

"काहून नसते वं?" आजी.

"असंच आहे पुस्तकात. 120 दिवसच जगते ना ती, म्हणून."

"थोडे दिस जगते म्हणून केंद्रक नाही, का केंद्रक नाही म्हणून थोडे दिस जगते? नीट सांग."

पोर गप्प. खोलीत जाऊन तिने सराव परीक्षेचा कागद काढला. 'विधान' आणि 'कारण' अशा जोडीचा नेमका हाच प्रश्न तिचा चुकला होता. दोन्ही वाक्ये खरी. पण दुसरे हे पहिल्याचे कारण नव्हे. केंद्रक नसल्याने हिमोग्लोबिनला जास्त जागा मिळते, तो खरा धागा. तिने दोन्ही वाक्ये वाचली होती, त्यांच्यामधला 'कारण' हा शब्द वाचलाच नव्हता. पाऊस आला हे खरे, शेजारची म्हैस व्याली हेही खरे. पण म्हशीमुळे पाऊस आला असे आपण म्हणतो का?

मिटून सांगण्याची ही रीत मी काही शोधून काढली नाही. आमचे पंतोजी हेच करून घेत. पण चिरंजीवांना पुरावा लागतो, म्हणून सांगतो. 2006 साली रोडिगर आणि कार्पिकी या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना उतारे वाचायला दिले. काहींनी तेच पुन्हा पुन्हा वाचले, काहींनी मिटून आठवेल ते लिहून काढले. पाच मिनिटांनी तपासले तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने तपासले तेव्हा आठवून लिहिणारे. चिरंजीव म्हणाले, "असं होय!" आई हेच म्हणत होती, तेव्हा नव्हते असं होय.

दुसरी गोष्ट पेनाची. प्रत्येक प्रश्नात काय विचारले आहे त्या शब्दाखाली रेघ मारायची, आणि रेघ मारल्याशिवाय पर्यायांकडे पाहायचे नाही. ऐकायला पोरखेळ. पण यानेच घरात भांडण लावले. एप्रिलच्या पहिल्या सरावात पोरीने इतके जपून वाचले की 22 प्रश्नांना हातच लागला नाही. गुण पूर्वीपेक्षाही खाली! सूनबाई माझ्याशी दोन दिवस जेवढ्यास तेवढे बोलत होत्या. "आबांनी पोरीला ऐन वेळी बाराखडी शिकवायला घेतली" हे वाक्य मला ऐकू येईल अशा बेताने न्हाणीघरात उच्चारले गेले. खरे सांगतो, मलाही झोप लागली नाही. तिचे वर्ष, माझा हट्ट.

तिसऱ्या दिवशी नातीनेच तोड काढली. घड्याळ लावून तिने पाहिले की, रेघ मारायला वेळ जात नाही. वेळ जातो तो तोच प्रश्न तीनदा वाचण्यात. पहिल्यांदा घाईने, दुसऱ्यांदा संशयाने, तिसऱ्यांदा भीतीने. मग ठरले: एकदाच वाचायचे, रेघेसह, आणि पुढे जायचे. जीवशास्त्र आधी, म्हणजे तिथे वाचलेली मिनिटे पदार्थविज्ञानाला. एप्रिलच्या अखेरीस न वाचल्याने चुकणारे प्रश्न पाचावर आले, आणि पेपर वेळेत पुरा होऊ लागला. सूनबाईंनी माझ्या चहात पुन्हा आले घातले.

परीक्षा 4 मे रोजी, दुपारी दोनला. वर्ध्याच्या मे महिन्यातली दुपार ज्यांनी पाहिली आहे, त्यांना अधिक सांगायला नको. डोक्याला ओला पंचा गुंडाळून आम्ही तिघे पालक एका लिंबाखाली पाच वाजेपर्यंत उभे होतो. आजीने गोरसपाकाचा पुडा बरोबर दिला होता. तो काळजीपोटी आम्हीच संपवला. पोर बाहेर आली तेव्हा पुडा रिकामा.

उत्तरसूची आल्यावर तिने ताडून पाहिले. न वाचल्याने गेलेले प्रश्न चार. चौदाचे चार झाले म्हणून आम्ही पेढे आणले. तिला मात्र ते चारच दिसतात. पहिल्या यादीत तिचे नाव नव्हते, आणि आणखी 20 गुण असते तर असते, हे ती आम्हाला सांगत नाही, पण आम्हाला ऐकू येते. मी लिहितो आहे तोवर पुढची यादी लागलेली नाही. घरात कोणी तो विषय काढत नाही. आजी मात्र रोज पीठ मळताना विचारते, "मंग, आज काय सांगतं?" आणि पोर शेजारी पाट घेऊन बसते. हल्ली पाठ्यपुस्तक नसते. हाती लागेल ते असते.

परवा हाती लागले ते या अंकाच्या संपादकांचे पत्र. लेख दहा तारखेला टाकू म्हणून मी निवांत होतो. तिने पत्र वाचले, पेन काढले, एका शब्दाखाली रेघ मारली आणि माझ्यापुढे ठेवले. मी 'दहा तारखेपर्यंत' असे वाचले होते. लिहिले होते 'दहा तारखेपूर्वी'. आज नऊ.