नाताळची तयारी : घर भरण्याची की जागा करण्याची?

वाचकहो, आरोग्याच्या सदरात नाताळचा विषय कशाला, असा प्रश्न काहींना पडेल. पण सण आणि दवाखाना यांचे नाते आम्हा डॉक्टरांना चांगले ठाऊक असते. दिवाळीनंतरच्या आठवड्यात मधुमेहाचे रुग्ण वाढलेली साखर घेऊन येतात, लग्नसराईत अपचन आणि जुलाबाचे रुग्ण येतात, आणि डिसेंबर सरता सरता आपल्या ख्रिस्ती बांधवांच्या घरांतून थकवा, पाठदुखी, वाढलेला रक्तदाब अशा तक्रारी येतात. सण एका दिवसाचा असतो; आजारपण मात्र महिनाभराच्या तयारीतून आलेले असते.

एक निवृत्त परिचारिका माझ्याकडे नियमित तपासणीसाठी येतात. आयुष्यभर रात्रपाळ्या केलेल्या, दुसऱ्यांना औषधांच्या वेळा बजावून सांगितलेल्या. गेल्या वर्षी नाताळच्या दोन दिवस आधी त्या आल्या त्या मुलाचा हात धरून. रक्तदाब १८०/११० होता. चौकशी केली तेव्हा कळले, की आठ दिवस गोळ्या घ्यायच्याच राहिल्या होत्या. घराची रंगरंगोटी, करंज्या, चकल्या, शंकरपाळे, केक, नातवंडांचे कपडे, पुण्याहून येणारे पाहुणे! मी म्हणालो, ‘‘सिस्टर, तुम्हीच असे केले तर इतरांनी काय करायचे?’’ त्या ओशाळल्या आणि म्हणाल्या, ‘‘डॉक्टरसाहेब, ज्याच्यासाठी ही सारी तयारी चालली आहे, त्याची आठवण काढायलाही या महिन्यात सवड झाली नाही.’’

त्यांचे हे बोलणे माझ्या मनात घर करून राहिले. नाताळची तयारी म्हणजे नेमके काय, याचा शोध मी त्यानंतर थोडा घेतला.

ख्रिस्ती परंपरेत नाताळपूर्वीच्या चार रविवारांच्या काळाला ‘आगमनकाळ’ म्हणतात. हा काळ वाट पाहण्याचा, आत्मपरीक्षणाचा. जुन्या काळी युरोपात हे दिवस चक्क उपवासाचे होते. केरळातील सीरियन ख्रिस्ती परंपरेत आजही १ डिसेंबरपासून पंचवीस दिवसांचे व्रत पाळले जाते. त्यात मांस, मासे, अंडी वर्ज्य करतात. म्हणजे आपल्याकडे जसा श्रावण, मुस्लिम बांधवांचा जसा रमजान, तसाच हा काळ. आधी संयम, मग सण, असा क्रम आपल्या पूर्वजांनी सगळीकडेच घालून दिला होता. आज आपण संयम वगळला आणि सणच महिनाभर लांबवला.

चार मेणबत्त्यांच्या चक्राची कथाही सांगण्यासारखी आहे. जर्मनीतील हॅम्बुर्ग येथे योहान हिनरिख विचर्न हे धर्मोपदेशक निराधार मुलांचा सांभाळ करीत. नाताळ कधी येणार, असे मुले रोज विचारायची. तेव्हा १८३९ साली त्यांनी गाडीच्या जुन्या चाकावर रविवारच्या चार मोठ्या आणि इतर दिवसांच्या लहान मेणबत्त्या लावल्या आणि रोज एक पेटवायची प्रथा सुरू केली. काही खरेदी नाही, काही पक्वान्न नाही. वाट पाहण्यातला आनंद मुलांना कळावा, एवढाच हेतू. मनाच्या आरोग्याचा हा केवढा मोठा धडा आहे!

आता मूळ कथेकडे पाहू. लूकच्या शुभवर्तमानात सांगितले आहे, की शिरगणतीत नाव नोंदवण्यासाठी योसेफ आणि मरिया नाझरेथहून बेथलेहेमला गेले. अंतर शंभर किलोमीटरहून अधिक, आणि मरियेचे दिवस भरत आलेले. उतारशाळेत त्यांना जागा मिळाली नाही, आणि बाळाला जनावरांच्या गव्हाणीत निजवावे लागले. श्रद्धाळू माणूस या कथेत देवाची लीला पाहतो. माझ्यासारख्या डॉक्टरला त्यात आधी एक अवघडलेली बाई दिसते, लांबचा प्रवास दिसतो आणि ‘जागा नाही’ हे उत्तर दिसते. मला वाटते, नाताळच्या तयारीचा अर्थ याच उत्तरात दडला आहे. तयारी म्हणजे घर भरणे नव्हे. तयारी म्हणजे जागा करणे. पोटात, दिवसात, मनात आणि दारात.

पहिली जागा पोटात. स्वीडनमध्ये १९९८ ते २०१३ या काळातील हृदयविकाराच्या दोन लाख ८३ हजार झटक्यांच्या नोंदी तपासण्यात आल्या. हा अभ्यास २०१८ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झाला. नाताळच्या आदल्या दिवशी, म्हणजे २४ डिसेंबरला, झटक्यांचे प्रमाण इतर दिवसांपेक्षा ३७ टक्क्यांनी अधिक आढळले; त्यातही रात्री दहाच्या सुमारास सर्वाधिक. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना आणि मधुमेहींना धोका जास्त होता. मनावरचा ताण आणि जड जेवण ही त्याची संभाव्य कारणे अभ्यासकांनी सांगितली आहेत. आपला देश निराळा, हवा निराळी. पण डिसेंबरची थंडी लातुरातही रक्तदाब वाढवते आणि तेलकट-गोड फराळ आपल्याकडेही आहेच. म्हणून फराळ करा, पण दहा प्रकारांऐवजी चार करा. करंजी खायची असेल तर त्या दिवशी जेवणातली भाकरी-भात कमी करा. घरात हुरडा, पेरू, बोरे, गाजर यांचे दिवस आहेत. पाहुण्यांपुढे त्यांचीही ताटली ठेवा. मधुमेहींनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपवास करू नये आणि सणाच्या गडबडीत एकही गोळी चुकवू नये. मध्यरात्रीच्या उपासनेला जाताना वृद्धांनी व दमेकऱ्यांनी कान, डोके आणि छाती झाकून घ्यावी.

दुसरी जागा दिवसात. सणाची तयारी म्हणजे बायकांचे काम, हा समज सर्व धर्मांत सारखाच रुजलेला आहे. पहाटे उठणारी तीच, रात्री उशिरा निजणारीही तीच. झोप कमी झाली की रक्तदाब वाढतो, साखर वाढते, चिडचिड होते. घरातील पुरुषांनी आणि मुलांनी कामे वाटून घेतली, तर ती मदत नव्हे. तो औषधोपचारच आहे. कर्ज काढून सण करू नये, हेही याच ओघात सांगतो. सणाचे हप्ते फेडताना उडालेली झोप परत आणणारी गोळी अजून निघालेली नाही.

तिसरी जागा मनात. सणासुदीला गेलेल्या माणसाची उणीव अधिक टोचते. त्याला दडपून ‘आनंदी राहा’ म्हणण्याने मन मोकळे होत नाही. आपल्या भागात चांगली रीत आहे. ज्या घरातले माणूस गेले, त्या घरात पहिल्या सणाला कढई चढत नाही. शेजारीपाजारी व नातलग फराळाचे डबे घेऊन येतात. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर दीडच महिन्यात दिवाळी आली होती. किल्लारी-सास्तूर परिसरात तेव्हा कोण कोणाचे सांत्वन करणार, अशी स्थिती होती. दुःखाला सणातही जागा द्यावी लागते, हे लातूरकरांना कोणी शिकवायला नको. नाताळचे फराळाचे पहिले डबे अशा घरी जावेत. मराठी ख्रिस्ती मंडळ्या टाळ-पेटीवर भजने म्हणत घरोघर जातात. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी (१८६१ ते १९१९) भजन-कीर्तनाची ही गोडी मराठी ख्रिस्ती उपासनेत मुरवली. या मंडळींनी अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी आधी जावे. एकटेपणावर सोबतीच्या गाण्याइतके स्वस्त औषध नाही.

चौथी जागा दारात. बेथलेहेमची ती अवघडलेली बाई आजही आपल्या रस्त्यांवर आहे. नाताळच्याच दिवसांत मराठवाड्यातील ऊसतोड मजूर बायका कारखान्यांच्या भागात कोपीत राहतात. कित्येकींचे दिवस भरत आलेले असतात. आपल्या गावाजवळ अशी टोळी उतरली असेल तर जाऊन विचारा : गरोदरपणाची नोंद झाली आहे का, लोहाच्या गोळ्या मिळतात का, प्राथमिक आरोग्य केंद्र कुठे आहे हे माहीत आहे का, वेळ आली तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवता येते हे ठाऊक आहे का. एवढे विचारणारा माणूस ख्रिस्ती असो वा नसो, नाताळचा अर्थ त्याला कळला, असे मी म्हणेन.

कोणी म्हणेल, डॉक्टर, तुम्ही सणाचा आनंदही तोलून-मापून द्यायला निघालात! तसे नाही. आपलीच येळवस पाहा. बहुधा डिसेंबरच्या सुमारास येणारा हा सण. त्या दिवशी लातूरचे रस्ते ओस पडतात, कारण सारे शेतात असतात. भज्जीला शेतातल्याच भाज्या आणि शेंगा, प्यायला ज्वारीच्या पिठाची आंबील, आणि वाटेने जाणाऱ्या अनोळखी माणसालाही पंगतीत बसण्याचा आग्रह. खर्च थोडा, आनंद उदंड, कारण तिथे सगळ्यांना जागा असते. नाताळचे मर्म याहून वेगळे नाही.

त्या सिस्टर यंदा डिसेंबरच्या पहिल्याच आठवड्यात तपासणीला आल्या. रक्तदाब आटोक्यात होता. फराळाचे तीनच प्रकार करणार, त्यातले दोन सुनेने आणि मुलाने वाटून घेतले आहेत, असे त्यांनी सांगितले. ‘‘मग उरलेल्या वेळात काय करता?’’ मी विचारले. त्या हसून म्हणाल्या, ‘‘संध्याकाळी अर्धा तास नुसती बसते, डॉक्टरसाहेब. वाट पाहते.’’

वाचकहो, सण कोणताही असो, असा अर्धा तास आपणही काढून पाहावा. सर्व ख्रिस्ती बांधवांना नाताळच्या निरामय शुभेच्छा!