वाट नसलेली सार्वजनिक जमीन

अमेरिकेच्या वायोमिंग राज्यात एल्क माउंटन नावाचा डोंगर आहे. तेथे २०२१ साली चार शिकारी एल्क या मोठ्या हरणाच्या शिकारीसाठी गेले. त्यांना गर्दीपासून दूर असलेली सरकारी जमीन हवी होती आणि नकाशावर ती होतीही. अडचण एवढीच होती की, एकोणिसाव्या शतकात रेल्वे कंपन्यांना दिलेल्या जमिनींमुळे त्या भागात सरकारी आणि खासगी जमिनीचे चौकोन बुद्धिबळाच्या पटाप्रमाणे एकाआड एक पडलेले आहेत. दोन सरकारी चौकोन केवळ कोपऱ्याच्या एका बिंदूत एकमेकांस टेकतात. शिकाऱ्यांनी त्या कोपऱ्यावर शिडी उभी केली आणि खासगी भूमीला पाय न लावता ते पलीकडे उतरले. शेजारच्या जमीनमालकाने त्यांच्यावर लाखो डॉलरांचा दावा गुदरला. २०२२ मध्ये ज्युरीने त्यांना फौजदारी आरोपातून मुक्त केले. मार्च २०२५ मध्ये संघराज्याच्या अपील न्यायालयाने १८८५ च्या एका कायद्याच्या आधारे त्यांचाच पक्ष उचलून धरला आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने त्या निर्णयात हस्तक्षेप करण्यास नकार दिला.

पुणे-सातारा महामार्गालगतच्या, भोर तालुक्यातील वरवे बुद्रुकच्या रहिवाशाला या खटल्याशी काय कर्तव्य, असे कोणी विचारील. या भागात शिकारीला बंदी आहे आणि एल्क तर नाहीच. परंतु या खटल्याचा गाभा शिकार हा नव्हे. जी जमीन कागदोपत्री सर्वांची आहे, तिथपर्यंत पोचण्याचा हक्क सर्वांना आहे काय, हा त्यातील खरा प्रश्न आहे. पश्चिम अमेरिकेतील तेरा राज्यांत केंद्र सरकारच्या मालकीची सुमारे ९५ लाख एकर जमीन चहूबाजूंनी खासगी जमिनींनी वेढलेली असून तिच्याकडे जाणारी कायदेशीर वाटच नाही, असा हिशेब २०१८ मध्ये मांडण्यात आला. भोर आणि वेल्हे, म्हणजे आताचा राजगड, या तालुक्यांतील डोंगरउतारांचा असा हिशेब अद्याप कोणी मांडलेला नाही. तो मांडण्याची निकड मात्र वाढत चालली आहे.

शिकारीचा इतिहास या ठिकाणी थोडक्यात पाहणे उपयुक्त ठरेल. सह्याद्रीतील सांबर आणि अमेरिकेतील एल्क हे एकाच मृगकुलातील प्राणी. इंग्रज शिकारी दक्षिण हिंदुस्थानात आणि सिलोनात सांबराला ‘एल्क’ म्हणूनच संबोधीत. मुंबई राज्याच्या १९५१ च्या वन्यप्राणी संरक्षण कायद्याखाली परवाना काढून शिकार करता येत असे. १९७२ च्या केंद्रीय कायद्यानेही आरंभी परवान्याची तरतूद ठेवली होती. १९९१ च्या दुरुस्तीने ती गेली आणि जीवितास किंवा उभ्या पिकास धोका अशा मोजक्या अपवादांखेरीज शिकारीचा दरवाजा बंद झाला. हे योग्यच झाले. मात्र त्याबरोबर एक गोष्ट दृष्टीआड झाली. शिकारी गेला आणि रानाच्या एकांताशी ज्याचा प्रत्यक्ष हितसंबंध होता असा एक वर्गही गेला. त्याच्या जागी गिर्यारोहक, पक्षिनिरीक्षक आणि सहलकरी आला. त्यालाही निर्जन रान हवे असते, पण ते टिकविण्याचा खर्च कोणी सोसावयाचा, याचा विचार त्याच्यापुढे कधी मांडलाच गेला नाही.

सुट्टीच्या दिवशी पुण्याहून निघालेल्या वाहनांची रांग वरव्यावरून पुढे सरकते आणि नसरापूरजवळच्या चेलाडी फाट्यावरून राजगड-तोरण्याकडे वळते. पावसाळ्यात तर या दोन गडांच्या वाटांवर चालणाऱ्याला पुढच्याची टाच चुकवावी लागते. जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी स्थापत्याच्या बारा किल्ल्यांत राजगडाचा समावेश होऊन त्याला युनेस्कोच्या जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. त्यामुळे ही गर्दी वाढणार, घटणार नाही. गंमत अशी की, याच दोन तालुक्यांत शेकडो टेकड्या, सोंडा आणि पठारे अशी आहेत की जेथे रविवारीही माणूस दृष्टीस पडत नाही. गर्दी आणि ओसाडी यांचे हे सख्य आकस्मिक नाही. जेथे वाट ठाऊक असते, जेथे वाहन लावता येते आणि जेथे जाण्यापासून कोणी हटकत नाही, तेथेच माणसे जातात. इतर वाटा ठाऊक नसतात. ज्या ठाऊक होत्या त्या बुजत आहेत. एकांत दुर्मिळ झाला आहे तो जमिनीच्या तुटवड्यामुळे नव्हे, वाटांच्या तुटवड्यामुळे.

या वाटा का बुजतात, हे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला सहज उमजेल. शहराच्या पैशाला डोंगरपायथ्याच्या जमिनीची ओढ लागली की शेतजमिनीचे मोल पिकावरून ठरेनासे होते; ते दृश्यावरून ठरू लागते. दृश्य विकत घेतलेला मालक प्रथम कुंपण घालतो. पिढ्यान्‌पिढ्या ज्या बांधावरून गुरे डोंगरावर चढली, तो बांध आता फाटकाच्या आत जातो. डोंगर वनखात्याचाच राहतो, गायरान सातबाऱ्यावर सरकारीच राहते; पण त्या दोहोंचा उपभोग फाटकाच्या किल्लीशी जोडला जातो. मालकाने एक एकर विकत घेतलेला असतो आणि त्यामागचे पन्नास एकर त्याला फुकट मिळतात. एल्क माउंटनवरही नेमके हेच घडले होते.

या बाबतीत कायदा मुका आहे असे नाही. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम २० नुसार जे रस्ते, गल्ल्या आणि वाटा कोणा व्यक्तीच्या मालकीच्या नाहीत, त्या शासनाच्या आहेत. गावनकाशावर गाडीरस्ता दुहेरी तुटक रेषेने आणि पाऊलवाट एकेरी तुटक रेषेने दाखविलेली असते. शेतावर जाण्यासाठी बांधावरून वाट मिळण्याची तरतूद याच अधिनियमाच्या कलम १४३ मध्ये आहे, आणि शेतीच्या वा चराईच्या जमिनीकडे जाणारी वहिवाटीची वाट कोणी अडविल्यास १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाच्या कलम ५ खाली तहसीलदाराकडे दाद मागता येते. मात्र ही दाद अडथळा आल्यापासून सहा महिन्यांच्या आत मागावी लागते. शिवाय या दोन्ही उपायांत फिर्यादी कोण, तर ज्याचे शेत वा ज्याची चराई अडली तो. डोंगराकडे जाणारी वाट ही सर्वांची असल्यामुळे ती अडली तर फिर्याद घेऊन जाणारा कोणीच नसतो. सर्वांची वस्तू कोणाचीच नसते, या म्हणण्याचा प्रत्यय असा येतो.

वनजमिनीची स्थिती तर आणखी विचित्र आहे. भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम २६ नुसार राखीव वनात विनापरवाना शिरणे हाच गुन्हा आहे. अमेरिकन नागरिक राष्ट्रीय वनात स्वतःच्या हक्काने पाऊल टाकतो. भारतीय नागरिक राखीव वनात अधिकाऱ्याच्या दुर्लक्षाच्या कृपेने वावरतो. २००६ च्या वनहक्क कायद्याने स्थानिक समाजाचे चराईसारखे सामूहिक हक्क मान्य केले, पण आदिवासी नसलेल्या पारंपरिक वननिवासींना त्यासाठी तीन पिढ्यांचे, म्हणजे ७५ वर्षांचे वास्तव्य सिद्ध करावे लागते. डोंगरकुशीतील मेंढपाळ धनगराजवळ असे कागद क्वचितच असतात. त्याची वाट अडली तर त्याचा रविवार बुडत नाही, त्याचा संसार बुडतो. म्हणून हा प्रश्न केवळ शहरी हौशी पदभ्रमंतीचा मानणे चुकीचे ठरेल. सार्वजनिक जमिनीवर पहिला हक्क चरणाऱ्या गुरांचा आणि सरपण वेचणाऱ्या बायांचा आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये जगपालसिंग खटल्यात गावच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे दूर करण्यासाठी सर्व राज्यांनी योजना आखाव्यात असे फर्मावले, ते याच जाणिवेतून.

यावर एक आक्षेप संभवतो आणि तो वजनदार आहे. वाटा मोकळ्या केल्या, नकाशे प्रसिद्ध केले, तर आज जी राने अज्ञातपणामुळे वाचली आहेत त्यांचाही राजगड होईल. गॅरेट हार्डिन यांनी १९६८ मध्ये सामाईक मालमत्तेची शोकांतिका मांडली, तिचे सार हेच. पण एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी पुढे दाखवून दिले की, ज्या समाजांनी सामाईक संपत्तीच्या उपभोगाचे नियम स्वतः घडविले आणि स्वतः राखले, तेथे ही शोकांतिका अटळ नव्हती. त्या कामगिरीबद्दल त्यांना २००९ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्याकडील देवराया ही याची जुनी उदाहरणे होत. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात त्यांचा अभ्यास करून, देवाच्या नावाने राखलेली ही राने सामाजिक नियमांवर टिकून होती हे स्पष्ट केले. ती राखण्यासाठी भोवती तारेचे कुंपण लागले नव्हते.

आधुनिक नियमांचे अनुभवही हाताशी आहेत. कास पठारावर फुलांच्या हंगामात दिवसाला ३ हजार पर्यटकांची मर्यादा ठरविण्यात आली आणि प्रवेशशुल्क घेण्याचे काम स्थानिक गावांच्या समितीकडे आले. उलट सिंहगडावर मे २०२२ मध्ये खासगी वाहने बंद करून विजेवरील बस सुरू करण्याचा प्रयोग झाला आणि अपुऱ्या तयारीमुळे काही आठवड्यांतच गुंडाळला गेला. यातून निघणारा धडा असा की, मर्यादा घालणे अशक्य नाही, पण ती घालणारा आणि राबविणारा स्थानिक असावा लागतो व त्या मर्यादेत त्याचे हित गुंतलेले असावे लागते.

हित हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. अमेरिकेत १९३७ च्या कायद्याने बंदुका आणि काडतुसांवरील कर वन्यजीवांसाठी राखून ठेवला. लांब बंदुकांवर तो ११ टक्के आहे आणि त्याचे उत्पन्न राज्यांना वन्यजीवांच्या जोपासनेसाठी दिले जाते. म्हणजे एकांत शोधणारा माणूसच एकांताची किंमत मोजतो. भोर-वेल्ह्यात ही किंमत कोण मोजतो? रानडुकराने रात्रीत आडवे केलेले भुईमुगाचे वाफे ज्याचे, तो शेतकरी. नुकसानभरपाई आहे, पण तिच्यासाठी पंचनामे आणि हेलपाटे आहेत. या रागातूनच कोठे फासे लागतात, कोठे गावठी बॉम्ब पेरले जातात. रान टिकावे असे वाटणाऱ्या शहराने रान सोसणाऱ्या गावाला काही देणे लागते. वाहनतळाचे आणि प्रवेशाचे शुल्क ग्रामसभेच्या हाती देऊन त्याचा ठरावीक भाग पीकहानीच्या निधीत जमा करणे हा त्याचा सरळ मार्ग आहे. तो फारसा खर्चिकही नाही.

सर्वच राने माणसांसाठी खुली असावीत असेही नव्हे. एकांताची गरज माणसापेक्षा सांबर-भेकराला अधिक आहे. २०१३ मध्ये घोषित झालेले ताम्हिणी अभयारण्य जेमतेम ५० चौरस किलोमीटरचे आहे. अशा तुकड्यांत जाणीवपूर्वक वाट न ठेवणे हेच शहाणपण. परंतु शासनाने विचारपूर्वक बंद ठेवलेले रान आणि शेजाऱ्याने फाटक लावून बंद केलेले रान यांत महदंतर आहे. पहिल्यामागे लोकहित आहे, दुसऱ्यामागे केवळ सोय. आज या दोहोंतला फरक सामान्य माणसाला कळत नाही, कारण कोणती जमीन कोणाची आणि तिची वाट कोठून, हे सांगणारा सार्वजनिक दस्तऐवज त्याच्या हाती नाही.

इंग्लंड आणि वेल्समध्ये १९४९ च्या कायद्याने प्रत्येक काउंटी कौन्सिलवर पायवाटांचा अधिकृत नकाशा तयार करण्याची जबाबदारी टाकली. त्या नकाशावर चढलेली वाट नंतर कोणा मालकाच्या लहरीने नाहीशी होत नाही. आपल्याकडे तर नवा नकाशा काढण्याचीही गरज नाही. तुटक रेषांचा गावनकाशा भूमिअभिलेख कार्यालयात आहेच. प्रत्येक गावच्या ग्रामसभेने तो समोर ठेवून डोंगराकडे, गायरानाकडे आणि देवराईकडे जाणाऱ्या वाटांची यादी करावी. ज्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात त्या तलाठ्याने त्या वाटांची प्रत्यक्ष पाहणी करून नोंद घ्यावी. आणि वाट अडविल्याची तक्रार करण्याचा अधिकार कोणाही नागरिकाला देणारी दुरुस्ती विधिमंडळाने करावी. शाळा-महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांनी शिक्षकांसह एका सुट्टीत आपल्या गावापुरते हे काम केले, तर शासकीय पाहणीची वाट पाहण्याचे कारण उरणार नाही.

वायोमिंगच्या शिकाऱ्यांना न्याय मिळाला, कारण त्यांच्या हाती अचूक नकाशा होता आणि १८८५ चा कायदा अद्याप जिवंत होता. वरवे बुद्रुकसारख्या गावांजवळही नकाशा आहे आणि कायदाही आहे. मात्र मामलेदार न्यायालयाची मुदत सहा महिन्यांची आहे आणि डोंगरपायथ्याचा जमिनीचा बाजार तितका काळ थांबत नाही. ज्या वाटेची नोंद आज होणार नाही, तिची आठवण सांगणारी माणसे आणखी वीस वर्षांनी गावात शिल्लक असतील, याची हमी कोण देणार?