कंपवात आणि स्मरण

कंपवात म्हटला कीं थरथरणारा हात डोळ्यांपुढें येतो. लंडन येथील जेम्स पार्किन्सन ह्या वैद्यानें १८१७ सालीं ह्या रोगावर निबंध लिहिला. त्यांत रोग्याची बुद्धि अबाधित राहते असें त्यानें म्हटलें होतें. पुढील अनुभवानें हें विधान सुधारावें लागलें. पुष्कळ रोग्यांचा विचार मंदावतो व आठवणही वेळेवर येत नाहीं. ह्या दुसऱ्या दुःखाकडे घरांत फारसें लक्ष जात नाहीं. उलट, आजोबा हल्लीं ऐकून न ऐकल्यासारखें करतात, असा बोल मात्र लागतो.

ह्या रोगांत मेंदूंतील डोपामिन नांवाचें द्रव्य बनविणाऱ्या पेशी नाश पावत जातात. त्यामुळें हालचाल जशी अडखळते, तसें स्मरणही अडखळतें. पण बहुधा आठवण पुसली गेलेली नसते. ती शोधून बाहेर काढणें कठीण जातें. वर्गांत कविता म्हणतांना अडलेल्या मुलास गुरुजींनीं पुढील ओळीचा पहिला शब्द सांगितला, कीं तो धडाधड म्हणूं लागतो. रोग्याचेंही पुष्कळदां असेंच असतें. म्हणून "काल कोण आलें होतें, सांगा पाहूं" अशी परीक्षा घेऊं नये. "काल पाहुणे आले होते ते नाशिकचे मामा कीं काका?" असें विचारावें, आणि उत्तरास वेळ द्यावा. हा वेळ देणें आम्हां घाईच्या माणसांस फार जड जातें! त्यांतून चेहऱ्याचे स्नायू ताठरल्यानें मुद्रेवर भाव उमटत नाहीं, आणि त्यांना कांहींच समजलें नाहीं असें आपण खुशाल धरून चालतों.

आपल्याकडे पाठांतराचा अभिमान मोठा; लिहून ठेवणें म्हणजे कमीपणा. माझ्या मतें निदान ह्या घरांत तरी ही समजूत टाकून दिली पाहिजे. भिंतीवर ठळक अक्षरांची दिनदर्शिका असावी, हाताशीं एक वही असावी. ह्या रोगांत अक्षर बारीक होत जातें, म्हणून वही दुरेघी द्यावी. नातवंडानें लिहून दिलें तरी चालेल, मात्र मजकूर आजोबांनीं सांगावा. चष्मा व किल्ल्या ह्यांची जागा एकच असावी, व आवराआवरीच्या उत्साहांत ती कोणीं बदलूं नये. औषध वेळेवर न गेल्यास अंग आखडतें. त्यासाठीं खणांचा डबा व मोबाइलचा गजर हवा.

कांहींचा विसर पुढें इतका वाढतो कीं सुचविण्यानेंही भागत नाहीं. तो एकाएकीं वाढला, तर औषधाचा किंवा तापाचा परिणाम असूं शकेल. डॉक्टरांस तत्काळ कळवावें.

आणखी एक. आजोबा चालत असतां त्यांस प्रश्न विचारूं नये. चालणें व आठवणें हीं दोन कामें एकाच वेळीं त्यांस झेपत नाहींत, आणि पाय अडखळून पडण्याचें भय असतें. ते खुर्चीवर बसले, म्हणजे मग विचारावें.